बंद करून चालू

"परत गेली!" तो ओरडला. "सकाळी अपडेट टाकलं आणि खालची पट्टी गेली!"

"कुठली पट्टी?" बाबांनी पेपरमागूनच विचारलं.

"पडद्याच्या तळाची हो. जिच्यावरून सगळं उघडतं ती. खिडक्यांच्या डोक्यावरची नावंसुद्धा गेली. हे लिनक्स बनवणारे स्वतः वापरतात की नाही, देव जाणे."

"बंद करून चालू करून बघ."

हे त्याला झोंबलं. दुकानात तो औषधं विकायचा, पण संगणकाच्या बाबतीत घरातला डॉक्टर तोच होता. बाहेरच्या खोलीतला स्वतःचा आणि आतल्या खोलीतला बायकोचा, दोन्ही संगणक त्यानंच लिनक्सवर आणले होते. एकाच साच्यातले, वापरणाऱ्याचं नाव आणि पासवर्डसुद्धा एकच. कित्येक महिन्यांत ते बंद झाले नव्हते, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. बायकोला तर ताकीदच होती, बटणाला हात लावायचा नाही.

"बाबा, बंद-चालू करणं म्हणजे हार मानणं."

"मग जिंक," बाबा म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

आतल्या खोलीचं दार फटीएवढं उघडलं. बायकोचे डोळे जागरणानं लाल झाले होते.

"हळू ओरडा ना हो. एकच चित्र राहिलंय. संध्याकाळच्या आत पाठवलं नाही तर ते पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी देऊन मोकळे होतील."

वर्षभर ती लहान मुलांच्या त्या पुस्तकासाठी संगणकावर चित्रं काढत होती. तिचं पहिलंच पुस्तक. घरात दुसरा विषय नव्हता.

"आणि चित्रांची एक प्रत वेगळी काढून ठेवणार होतात तुम्ही," ती म्हणाली.

"रविवारी करतो म्हटलं ना! आत्ता माझ्या डोक्याला आणखी ताप नको."

"नकोच. आज तर माझ्या संगणकाकडे फिरकूसुद्धा नका." दार लागलं.

तिचंही काही चुकत नव्हतं. कालच तिचा प्रिंटर रुसला, तेव्हा डॉक्टरसाहेब खुर्चीतून उठलेही नव्हते. नेटवर्कमधून तिच्या संगणकात शिरून इथूनच आज्ञा देत त्यांनी तो ताळ्यावर आणला. प्रिंटर चालला, पण चित्रांचे ब्रश हरवले. ते शोधण्यात तिचा अर्धा दिवस गेला होता.

तो कामाला लागला. पट्टीच नाही म्हटल्यावर नवीन काही उघडेना. नशिबानं आज्ञा टाइप करायची काळी खिडकी मागे कुठेतरी उघडीच पडलेली सापडली. त्याला खिडक्या बंद करायची सवयच नव्हती.

पट्टी पुन्हा सुरू करायची आज्ञा त्यानं दिली. काळ्या खिडकीनं ती निमूट घेतली. पट्टी काही आली नाही.

"अगं बाई!" आतून आवाज आला.

"काय गं?"

"काही नाही! तुम्ही तुमचं बघा!"

मग त्यानं पडद्याची सगळी सजावट पुसली. ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढला, परत घातला. वेगळा घालून पाहिला. प्रत्येक वेळी काळी खिडकी म्हणायची, झालं. आणि पडदा ढिम्म.

"ऐकतोस सगळं आणि करत काहीच नाहीस!" तो संगणकावर खेकसला.

"माझ्याही नशिबी असलाच आलाय एक," बाबा म्हणाले.

चहा झाला. बाबा सुनेचा कप घेऊन आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा गालातल्या गालात हसत होते.

"काय म्हणतेय?" त्यानं विचारलं.

"कामात आहे. बाकी तुला काहीएक सांगायचं नाही, अशी तंबी आहे मला."

रागावली असेल, असं समजून त्यानं विषय वाढवला नाही. त्याचंच डोकं भणभणत होतं. अख्खी सुट्टी या भिकारड्या पट्टीनं खाल्ली होती. आता एकच उपाय उरला होता. वापरणाऱ्याचा अख्खा फोल्डर पुसायचा आणि कोऱ्या पाटीवर सुरुवात करायची. मात्र तो काही वेडा नव्हता. पेनड्राइव्ह लावल्यावर फायलींची खिडकी आपोआप उघडली, तिच्यातून त्यानं आपले फोटो, गाणी, बाबांचे तपासणीचे रिपोर्ट, सगळं नीट उतरवून घेतलं. दोनदा उघडूनही पाहिलं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"झालं हो! शेवटचं झालं!" बायकोचा चेहरा फुलला होता. "काय काय नाटकं झाली आज, नंतर सांगते. पण झालं! पाठवू?"

"दोन मिनिटं थांब. शेवटचं औषध देतोय याला. मध्येच नेट अडलं तर सगळं मुसळ केरात. मग नेट तुझंच."

एरवी ती थांबली नसती. आज खुशीत होती.

"दोनच मिनिटं हं," म्हणत ती आत गेली.

त्यानं आज्ञा टाइप केली. नक्की पुसायचं का, असं काळ्या खिडकीनं विचारलं. हो, त्यानं सांगितलं. सगळं पुसलं गेलं.

"घ्या बाबा, तुमचंच ऐकतो," तो म्हणाला. "बंद करून चालू."

"उजाडलं म्हणायचं," बाबा म्हणाले.

त्यानं शेवटची आज्ञा दिली आणि खुर्चीला पाठ टेकली.

"अहो," आतून बायकोनं हाक मारली, "लाइट गेली का?"

त्यानं वर पाहिलं. पंखा फिरत होता. समोरचा संगणकही चालूच होता. पट्टी नव्हतीच. काळ्या खिडकीत मात्र एक नवी ओळ उमटली होती:

'आतल्या खोलीतल्या संगणकाशी असलेली जोडणी बंद झाली.'