उतरतं पाणी

"एकतीस मीटर वीस," बोअरमधून टेप वर ओढत मॅडम म्हणाल्या. फोरमननं आकडा वहीत लिहिला आणि कपाळाला हात लावला.

सकाळी पाणी अठरावर होतं. नगरपालिकेची ही नवी बोअर. पंप सलग चालवायचा, पाणी किती उतरतं ते मोजायचं आणि शहराची तहान इथून भागेल का ते ठरवायचं. ठरवणार होत्या भूजल खात्याच्या मॅडम.

दुपारी मुख्याधिकारी तिसऱ्यांदा आले.

"मॅडम, शहरात चौथ्या दिवशी नळ येतो. लोक माझ्या दारात रिकाम्या बादल्या आपटतात."

"माझ्याही घरी चौथ्याच दिवशी येतो, साहेब."

"मग घ्या ना सांभाळून! दोन-चार मीटर इकडचे तिकडे."

"आकडा म्हणजे रबर नव्हे, ताणला की ताणला जायला."

फोरमननं हसू दाबलं. साहेबांचा आवाज चढला. "आसपासचा उपसा बंद आहे ना नक्की? शेजारी कुणी पाणी खेचत असेल, तर आपलं उतरणारच."

"काल मी स्वतः दारोदार फिरून सांगितलंय."

"माझ्यादेखत, साहेब," फोरमन म्हणाला. "एक मळा सोडला नाही मॅडमनी."

मॅडमनी पुन्हा टेप सोडली. ओली बोटं ओढणीला पुसली.

चौतीस. मग अडतीस. पाचच्या सुमारास पाइपातून पाण्याऐवजी हवेचे ठसके येऊ लागले. कुणी न सांगताच फोरमननं पंप बंद केला.

साहेब तिथल्याच एका दगडावर मटकन बसले. "लिहा मग. आहे तेच लिहा. ही जागा सोडली आपण."

मॅडमनी अहवालावर सही केली. साहेबांची गाडी धूळ उडवत गेली.

सामान आवरता आवरता फोरमन म्हणाला, "दुसरा कुणी असता तर साहेबांपुढे मान डोलावून मोकळा झाला असता. आणि आम्ही वर्षभरात कोरड्या बोअरला मिठी मारून बसलो असतो. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय, मॅडम."

मॅडमना त्याच्याकडे बघवेना. "तुम्ही व्हा पुढं," एवढंच त्या म्हणाल्या.

त्याची मोटरसायकल वळणाआड गेली, तसा त्यांनी टेकडीपलीकडच्या माहेरच्या मळ्यात फोन लावला.

"दादा, गेले सगळे. आता पंप बंद केलास तरी चालेल."