डिस्क सापडत नाही

‘आता काय दिसतंय?’ दादाने विचारलं.

‘तेच. डिस्क सापडत नाही.’ हात मोकळे राहावेत म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकून कीबोर्डशेजारी ठेवला होता.

सोमवार सकाळचे साडेदहा झाले होते. अंधांसाठी पुस्तकं काढणाऱ्या त्या छापखान्यात मजकुराचे ब्रेल ठिपके करणारा प्रोग्रॅम इतका जुना होता, की आजच्या कुठल्याच संगणकाशी त्याचं जमत नसे. म्हणून आठ वर्षांपूर्वी दादाने नव्या संगणकाच्या पोटात एक जुना संगणक वसवला होता. खरा नव्हे, नुसता फायलींचा. व्हर्च्युअल मशीन. प्रोग्रॅम त्यात आणि बावीस वर्षांची पुस्तकंही त्यातच. शुक्रवारी संध्याकाळी ते मशीन जे बसलं ते सुरू होईना. परीक्षेची पुस्तकं तीन आठवड्यांत शाळांकडे जायची होती.

दादा तिचा सख्खा भाऊ. वडील गेल्यावर तिच्या शिक्षणाचं त्यानेच पाहिलं, या छापखान्यात त्यानेच चिकटवलं आणि काम शिकवलं तेही त्यानेच. तीन महिन्यांपूर्वी तो नव्या यंत्रणा विकणाऱ्या एका कंपनीत गेला. तरी इथे काही अडलं की तिचं बोट आपोआप त्याच्याच नंबरवर जाई.

त्याने एकेक गोष्ट तपासायला लावली. मशीनला मेमरी पुरेशी दिली आहे का? दिली होती. संगणकात असं मशीन चालू देणारी सेटिंग बंद तर पडली नाही ना? नव्हती. जागा संपली का? अर्धी रिकामी होती. मध्येच त्याने नाश्ता केलास का म्हणून विचारलं. तिने हो म्हटलं. केला नव्हता.

‘कुणी आहे का शेजारी?’ त्याने विचारलं.

‘आता कोण असणार?’

शेजारची खुर्ची काकांची. काका जन्मांध होते. छापलेलं प्रत्येक पान बोटांनी वाचून चुका सांगणं हे त्यांचं काम. शुक्रवारी खोलीतून सगळ्यांत शेवटी तेच बाहेर पडले होते. त्यामुळे शनिवारी सकाळी विश्वस्तांनी त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली आणि चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. एकोणीस वर्षं जवळ बाळगलेली किल्ली काकांनी एका शब्दाने न विचारता देऊन टाकली. जाताना भिंतीला हात लावत गेले. एरवी त्यांना त्या भिंतीची गरज पडत नसे.

तिने हे सगळं दादाला सांगितलं. त्याने एक सुस्कारा सोडला.

‘दादा, शुक्रवारी कुणी बाहेरून, इंटरनेटवरून, हात लावला असेल का मशीनला?’

‘बाहेरून कोण लावणार? पासवर्ड तुझ्याकडे आणि माझ्याकडे.’

‘म्हणजे काकाच?’

‘वाईट वाटतं गं,’ तो म्हणाला, ‘पण त्यांनीच काहीतरी दाबलं असणार. विश्वस्तांनी विचारलं तर मी तसं सांगेन. तू नको वाईटपणा घेऊस.’

तिने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. पुढे काय करू, असं विचारलं.

त्याने स्नॅपशॉट काढून टाकायला सांगितले. मशीन ज्या ज्या वेळी नीट चालू होतं, त्या त्या वेळची टिपून ठेवलेली अवस्था म्हणजे स्नॅपशॉट. काही बिघडलं तर मागे जायची वाट तेवढीच. तेच खराब झालेत आणि तेच आडवे येतायत, असं त्याचं म्हणणं.

‘ते गेले तर परत येणार नाहीत ना?’

‘माझ्यावर भरवसा नाही का तुझा?’

‘तुझ्यावर नाही तर कुणावर?’ ती म्हणाली आणि एकेक करत अकराही काढून टाकले. मशीन सुरू झालं नाही.

‘आता डिस्क नव्याने तयार कर. खात्री आहे का विचारेल. हो म्हण.’ मग अगदी सहज विचारल्यासारखं, ‘दुसरी प्रत वगैरे कुठे ठेवली नाहीयेस ना?’

‘तुला विचारल्याशिवाय मी कधी काही केलंय का?’

पडद्यावर प्रश्न आला. तिचा हात थांबला.

‘दादा, शेवटचं विचारते. हे दाबण्याआधी मला काही सांगायचंय तुला? काहीही असू दे. मी ऐकून घेईन.’

‘काय सांगायचं असणार? दाब.’

तिने दाबलं. पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली. पाच मिनिटांनी मशीन सुरू झालं. स्वच्छ आणि रिकामं. एकही पुस्तक नाही.

तिला रडू आलं. तिने ते लपवलं नाही. तो मायेने समजूत घालत राहिला. जुनं कधीतरी जाणारच होतं. त्याच्या कंपनीची नवी यंत्रणा महिनाभरात बसेल. जमतील तेवढी पुस्तकं पुन्हा करता येतील. तिच्या नोकरीला धक्का लागणार नाही, ते त्याच्याकडे लागलं.

‘मीच बोलू का विश्वस्तांशी?’ त्याने विचारलं.

‘बोल,’ ती म्हणाली आणि फोन उचलून टेबलाच्या मधोमध ठेवला. तिघेही विश्वस्त सकाळी दहापासून टेबलाभोवती गप्प बसून होते. तिने आत्ता पुसली ती नक्कल होती. खरं मशीन तिने शनिवारी दुपारीच एका स्नॅपशॉटवरून सुरू केलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी बाहेरून कोण आत शिरलं आणि त्याने काय काय मोडलं, याची नोंद त्याच मशीनने ठिपक्यांत छापून दिली होती. तो कागद आज शेजारच्या खुर्चीत परत येऊन बसलेल्या काकांच्या पुढ्यात होता, आणि त्यांचं बोट मघापासून दादाच्या नावावर थांबलं होतं.