कोटांआडचा सूर

वेसलने सॅक्सोफोनची रीड, ती फुंकायची वेताची पातळ पट्टी, जिभेवर भिजत ठेवली आणि डोळे मिटले. मैफलीआधी त्याला नेहमी जुन्या लोकरीचा वास यायचा.

लहानपणी तो नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरात पातळ भिंतींच्या घरात राहत असताना शेजारची मुलगी छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली होती. तिला त्रास नको म्हणून आईने वेसलला कपाटाशी पिटाळलं. आतल्या बाबांच्या लोकरी ओव्हरकोटांत सॅक्सोफोनचं कर्ण्यासारखं तोंड खुपसायचं आणि अलगद फुंकायचं, असा रियाज सात वर्षं चालला. पुढे त्याच धुक्यासारख्या सुरावर अर्धा युरोप भाळला. त्याला स्वतःला मात्र तो सूर कायम कोंडलेलाच वाटला.

आज निरोपाची मैफल होती. काठी टेकत एक म्हातारी पडद्यामागे आली.

"मी शेजारची. आजारी होते ती."

वेसल ओशाळला. "तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून फार जपायचो मी."

"ते कपाट आमच्याच भिंतीला टेकलेलं होतं," ती हसली. "पलीकडे माझी उशी. तुमचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. तुम्ही घेतलात की मी घ्यायचे, सोडलात की सोडायचे. डॉक्टरांनी आशा सोडली होती. पण तुम्ही लांब सूर लावायचात, मग मलाही दम धरावा लागायचा."

तिला पहिल्या रांगेत बसवून वेसल मंचावर गेला. त्याने मायक्रोफोन बाजूला सारला. दिवे मंदावले आणि समोरचा अंधार त्याला कपाटातल्या कोटांसारखा ऊबदार वाटला.

सूर लावण्याआधी त्याने खोल श्वास घेतला. पहिल्या रांगेत तिनेही घेतला.