कप्तान खेळत असताना

आपण पाहिलं की तो आउट होतो, अशी अण्णांची पक्की समजूत होती. तो नवखा पोरगा होता तेव्हापासून देशाचा कप्तान होईपर्यंत, तो बॅट घेऊन उतरला की चिकपेटेत साड्या विकणारा हा माणूस निमूटपणे गॅलरीत जाऊन उभा राहायचा, आणि त्यांची मुलगी वाणी आतून ओरडून धावा सांगायची.

अण्णांना जाऊन महिना झाला होता. आज कप्तानाचा शेवटचा डाव होता. वाणीने अण्णांची खुर्ची टीव्हीसमोर ओढली आणि गॅलरीचं दार सताड उघडलं.

"आत बोलावू नकोस गं त्यांना," आई म्हणाली. "शहाण्णववर आहे तो. स्वल्प थांब."

"आज नाही तर मग कधी बघणार ते?"

गॅलरीतलं उतरतं ऊन हळूहळू आत आलं, खुर्चीवर चढलं. पुढच्याच चेंडूवर कप्तानाचा त्रिफळा उडाला. अख्खं स्टेडियम टाळ्या वाजवत उभं राहिलं. वाणीचा चेहरा पडला.

आई मात्र पदर सावरून खुर्चीकडे बघत होती.

"आलेत बघ," ती म्हणाली.