डावीकडची खटखट

"आवाज पुढून येतो. डावीकडून. गतिरोधकावर चढताना एकदा खट, उतरताना खटखट," गाडीवाल्या गृहस्थांनी पाठ केल्यासारखं घडाघडा सांगून टाकलं.

दादा मिस्त्रींनी मान हलवली. "असं होय? चला, ऐकूच या."

गॅरेजच्या दारात त्यांचा धाकटा भाऊ हाताची घडी घालून उभा होता. सकाळीच त्याने दादांना स्पष्ट सांगितलं होतं, "महिन्याभरात तीन गाड्या परत आल्या. आवाज होता तसाच. आजची गाडी तू एकट्याने कर. ती परत आली तर उद्यापासून टेबलावर बसायचं आणि फोन घ्यायचे. पान्याला हात लावायचा नाही."

धाकट्याचं चुकत नव्हतं, हे दादांनाही ठाऊक होतं. चाळीस वर्षं दादा गाडी लांबून येताना ऐकत आणि ती दारात थांबायच्या आत तिचा आजार सांगत. अख्खी गल्ली त्यांना 'कानवाले' म्हणायची. त्याच कानांनी आता दगा दिला होता. माणसांचं जाडंभरडं बोलणं ऐकू यायचं, पण बारीक, धारदार आवाज पार गायब. नात काही सांगायला लागली की तिचे ओठ तेवढे हलताना दिसत, आणि दादांना रडू यायचं. हे त्यांनी कुणाजवळही कबूल केलं नव्हतं. धाकट्याने डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, "माझे कान तपासणारा अजून जन्माला यायचाय." आणि त्यांना बसवणार कुठे, तर फोनपाशी!

गाडी वीसेक वर्षांची होती. निळा रंग उडालेला, पण आतून चकाचक. गृहस्थ छापखान्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं छपाईच्या मशीनवर काढली, असं त्यांनी बसल्या बसल्या सांगितलं.

"स्क्रू सैल झाला तरी मला लगेच कळायचं," ते म्हणाले. "गाडी मात्र मीच चालवणार. दुसऱ्याच्या हातात देत नाही."

दादा शेजारी बसले. पहिला गतिरोधक आला. दादांनी पाय गाडीच्या तळाला घट्ट टेकवले, तळहात समोरच्या डॅशबोर्डवर दाबून धरला. पायाखाली एक हिसका बसला.

"आला?" गृहस्थांनी विचारलं.

"म्हणजे काय! चांगला खणखणीत आला."

"मलाही आला," गृहस्थ घाईघाईने म्हणाले. "आमच्या हिला तर फारच येतो. ती म्हणते, हा आवाज जाईपर्यंत मी गाडीत पाऊल ठेवणार नाही."

हा माणूस दादांना अवघड वाटायला लागला. दादा काही बोलले की तो त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायचा, डोळ्याची पापणी लवू द्यायचा नाही. याला संशय आलाय, दादांनी मनाशी म्हटलं. धाकट्यानेच तर पाठवला नसेल? त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

गॅरेजमध्ये परत आल्यावर गाडी जॅकवर चढली आणि दादांना जरा हायसं वाटलं. इथे कानांचं काम नव्हतं. त्यांनी डावं चाक वरून आणि खालून धरून हलवलं. चाक खिळखिळं झालेल्या दातासारखं हललं. चाकाखाली पहार घालून उचललं, तर चाकाला सांधणारा बॉल जॉइंट खोबणीत वरखाली नाचत होता. शेजारच्या, धक्के झेलणाऱ्या बुशचं रबर चिरून लोंबत होतं.

"हे बघा," दादा म्हणाले. "महिनाभर अशीच चालवली असती तर चाक वाटेत आडवं झालं असतं. वहिनींचे आभार माना."

गृहस्थांनी त्यांच्या ओठांवरची नजर काढली नाही. "मानतो, मानतो," ते म्हणाले.

दुपारपर्यंत दादांनी जुना जॉइंट ठोकून काढला, नवा बसवला, बुश बदलला, एकेक बोल्ट दोनदा आवळला. चाक हलवून पाहिलं. आता ते भिंतीसारखं स्थिर होतं. धाकटा लांबून बघत होता.

मग दोघं चक्कर मारायला निघाले. पहिला गतिरोधक गेला, दुसरा गेला. पायाखाली लोण्यासारखं.

दादांचा जीव मात्र अजून टांगणीला होता. हातांचं काम झालं होतं. आवाज खरंच गेला का, ते सांगणारा शेजारीच बसला होता.

"कसं वाटतंय?" दादांनी विचारलं.

गृहस्थांनी गाडी बाजूला घेतली, थांबवली आणि त्यांच्याकडे वळून बघितलं. "काय म्हणालात?"

"आवाज, आवाज! येतोय का?"

"छे हो! एकदम शांत. नवी घेतली तेव्हाही इतकी शांत नव्हती."

दादांनी डोळे मिटून घेतले. सुटलो, त्यांना वाटलं. उद्याही पाना आपल्याच हातात.

परत येताना रस्त्यावरचे लोक वळून वळून बघत होते. एक कुत्रं दचकून उठलं आणि शेपूट घालून पळालं. फुटपाथवरच्या एका बाईने हात कानाशी नेला. फोन आला असेल, दादांना वाटलं.

"बघतात हं लोक अजून," गृहस्थ खुशीत येऊन म्हणाले. "जुना माल आहे शेवटी."

गाडी गल्लीत शिरली. दुकानादुकानांतून माणसं बाहेर आली होती आणि प्रत्येकाची बोटं कानांत होती. धाकटा धावतच पुढे आला, गाडी थांबताच चाकाशी उकिडवा बसला आणि खाली मान घालूनच ओरडायला लागला.

"आता एक इंचही हलवू नका! ब्रेकच्या चकतीमागचा पत्रा ठोकताना वाकलाय, घासतोय. चौकापासून नुसती किंचाळत येतेय गाडी! दादा, तुझं एक सोड, पण यांनाही ऐकू आलं नाही?"

दादांनी हळूच मान वळवली.

गृहस्थांनी त्यांचं कोपर धरलं, जवळ सरकले आणि हसऱ्या चेहऱ्याने विचारलं, "काय म्हणतायत हो ते?"