एका दमात बेचाळीस सेकंद

“दुसरं काहीही वाजवा बाई, पण तो तुकडा नको,” सॅक्सोफोनवाला जिन्यातच म्हणाला. “मास्तरांसमोर तो कुणी वाजवत नाही.”

“का? रागावतात?”

“रागावले तर परवडेल. ऐकून घेतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात.”

तिने मान डोलावली आणि क्लॅरिनेटची पेटी दुसऱ्या हातात घेतली. तो तुकडा सोडून तिने दुसरं काही आणलंच नव्हतं.

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर बँडची तालमीची खोली होती. खालची यंत्रं चालू असली की फरशी थरथरायची आणि ढोलवाला फुकटचा ठेका मिळाला म्हणून खूश व्हायचा. आज यंत्रं बंद होती. क्लॅरिनेटची पहिली, म्हणजे मुख्य वादकाची खुर्ची महिनाभर रिकामी होती, आणि ती खुर्ची तिला हवी होती. सत्तेचाळिसाव्या वर्षी काही इतकं उघडपणे हवं असण्याची तिला सवय नव्हती.

दोन वर्षं ती मागच्या रांगेत बसत होती. दिवसा रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची, म्हणून सगळे तिला ‘रक्तवाल्या बाई’ म्हणत. खुर्चीसाठी आणखी दोघं आले होते. दोघंही तरुण, दोघांचीही बोटं तिच्यापेक्षा चपळ. ते वाजवून गेले होते. मास्तरांनी दोघांनाही “छान” म्हटलं होतं. ते सगळ्यांनाच म्हणत.

तो तुकडा बावन्न वर्षांपूर्वीच्या एका तबकडीवर होता. वेष्टणावर तरुण मास्तरांचा फोटो, खाली त्यांचंच नाव. गाणं नाचाच्या ठेक्यातलं. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन सगळे मिळून छप्पर डोक्यावर घेतात आणि अचानक गप्प होतात. उरतो फक्त ढोल, आणि त्यावर क्लॅरिनेट चढत जातो. बेचाळीस सेकंद. मधे श्वास नाही.

जुन्या सामानाच्या दुकानात तिने ते ऐकलं तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. त्या आठवड्यात तिने क्लॅरिनेट विकत घेतला. पहिलं वर्ष नुसत्या किंकाळ्या निघत होत्या.

“आपला कुकर बरा,” नवरा म्हणाला होता. “निदान तीन शिट्ट्यांनंतर थांबतो.”

मग तिने तो तुकडा एखाद्या नमुन्यासारखा तपासायला घेतला. कागदावर दोन स्वर सारखे दिसतात, पण असल्या संगीतात पहिला लांब आणि दुसरा आखूड वाजतो. किती लांब, हे तिने मोजलं. गालात हवा साठवून ती बाहेर लोटताना नाकाने श्वास घ्यायची युक्ती तिने पुस्तकात वाचली. जेवणाच्या सुट्टीत घरून आणलेल्या पेल्यात पाणी घेऊन ती नळीने फुंकत बसे. बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत आणि श्वासही घ्यायचा. सोबतच्या बाई म्हणायच्या, “चालू द्या, मासे खूश आहेत.” बुडबुडे थांबेनासे व्हायला तिला तीन वर्षं लागली.

सगळ्यात अवघड होता एकविसावा सेकंद. तिथे मास्तरांचा आवाज बदलायचा. तोवर टोकदार असलेला सूर एकाएकी गोल आणि थोडा घोगरा व्हायचा. न थांबता वाजवत असतानाच ओठ कसा ढिला करायचा, जीभ कुठे ठेवायची, हे शोधण्यात चार महिने गेले. शेवटी सापडलं. त्या दिवशी तिने नवऱ्याला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं आणि वाजवून दाखवलं. तो ऐकत राहिला. कुकरबद्दल काही बोलला नाही.

मास्तर खिडकीजवळ बसले होते. ऐंशी वर्षांचा माणूस, पाठ ताठ.

“काय वाजवताय?”

तिने सांगितलं. सॅक्सोफोनवाल्याने कपाळाला हात लावला. मास्तर म्हणाले, “वाजवा.”

ढोलवाल्याने ठेका धरला. ती चढली. दहाव्या सेकंदाला पहिला चोरटा श्वास नाकाने आत आला आणि सूर हलला नाही. एकविसावा सेकंद आला. ओठ ढिला झाला, आवाज गोल झाला. शेवटच्या वरच्या स्वरावर ती चार ठोके थांबली आणि स्वतःच्या मर्जीने तो सोडला. आठ वर्षांत पहिल्यांदाच तिला स्वतःचं काही दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

मास्तर खिडकीबाहेर बघत नव्हते.

“श्वास कुठे घेतलात?”

“नाकानं. गालातली हवा लोटताना.”

“हं. मधे आवाज का बदललात?”

“तुम्ही बदललाय म्हणून.”

“तिथून पुढचं पुन्हा वाजव.”

मास्तर बँडमधल्या कुणाला अरेतुरे करत नसत. सॅक्सोफोनवाल्याने भुवया उंचावल्या. तिने दुसरा भाग पुन्हा वाजवला. मास्तरांनी डोळे मिटून तो ऐकला आणि बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

मग त्यांनी पहिल्या खुर्चीकडे हात केला. “बस.”

ती बसली. समोरचा स्टँड तिच्यासाठी फार उंच होता. तो खाली घेताना तिच्या लक्षात आलं की आपण हसतोय, आणि ते लपवायची गरज तिला वाटली नाही. तरीही खरं ते बोलायला हवं होतं.

“तुमच्या तोडीचं झालं नाही, हे मला कळतं मास्तर. तुम्ही ते एका दमात वाजवलंय. मी नाकानं चोरते.”

“मी?” मास्तर म्हणाले. “मी तर मध्यावर, आवाज बदलतो तिथेच थांबलोय. पुढचं सगळं माझा धाकटा भाऊ वाजवतोय.”