पासाची झेरॉक्स

बन्सीधरनं खिडकीजवळच्या जागेवर टाकलेला रुमाल भागवतनं उचलला, त्याच्याच मांडीवर ठेवला आणि जाऊन दारापाशी उभा राहिला.

"आरं, बस की! तुझ्यासाठीच धरलीय जागा."

"केसानं गळा कापलास की रं माझा, बन्सी! तुझ्या शेजारी बसण्यापेक्षा उभा राहीन परभणीपर्यंत."

रेल्वेच्या डब्यातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. सेलूहून रोज अपडाऊन करणारी ही मंडळी. यांची भांडणं वाटेतलं पेडगाव स्टेशन यायच्या आत मिटायची. हे मिटणारं नव्हतं.

झालं होतं असं. सरकारी नियमानं भागवतनं कचेरीच्या गावी, परभणीतच राहायला हवं. कागदोपत्री तो तिथं एका खोलीत राहतही होता. अशा खोल्या कितीक जणांच्या असतात! प्रत्यक्षात अकरा वर्षं त्याची सेलूहून ये-जा, ती आईपायी. नर्मदाबाईंचं एक अंग लुळं पडलेलं, पण जिभेला काही झालं नव्हतं. "मी सेलू सोडून कुठंच यायची न्हाई," हा त्यांचा एकच हेका. सकाळ-संध्याकाळ भागवत आईला स्वतःच्या हातानं भरवायचा. दिवसभराचं त्याची बायको राजेश्री बघायची.

आधी तो कारनं जायचा. मग चैत्रात राजेश्री मागं लागली.

"येताना समोरच्या लाईटीनं डोळे दिपतात तुमचे. माझा जीव टांगणीला लागतो. ती गाडी काढून टाका, रेल्वेनं जात जावा."

बायकोची एवढी माया बघून गडी विरघळला. कार विकली. बन्सीधर, त्याचा शाळेपासूनचा दोस्त आणि कचेरीतला जोडीदार, लय खूश झाला. दोघांचे महिन्याचे पास तोच खिडकीवरून काढून आणायचा.

आणि काल साहेबांनी एक निनावी अर्ज भागवतपुढं टाकला. सोबत त्याच्या तीन महिन्यांच्या पासांची झेरॉक्स. सेलू ते परभणी, नावासकट.

पास कुणाच्या हातातून यायचे? शेंबडं पोरही सांगेल. तीस वर्षं एका डब्यात जेवलेला माणूस! भागवतला रात्रभर झोप नव्हती.

त्या दिवशी कचेरीत साहेब म्हणाले, "आठ दिवसांत बिऱ्हाड इथं आणा. नाहीतर निलंबन."

"आणतो, साहेब. पण बन्सीधर बी अपडाऊनच करतो. पाहिजे तर लिहून देतो."

लिहून दिलं. चौथ्या दिवशी बन्सीधरची बदली झाली, पार विदर्भाच्या टोकाला. तो संध्याकाळी दारात आला.

"भागवत, लेकराची आण घेऊन सांगतो, मी न्हाई रे."

भागवतनं त्याच्या तोंडावर दार लावलं.

आईपाशी राहायला थोरली बहीण बायनाबाई आली. आईनं आदळआपट केली नाही, नुसतं "जा बाबा" म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं. भागवत न्हाणीत जाऊन लहान पोरासारखा रडला.

निघायच्या आदल्या दिवशी राजेश्री गोणीत भांडी भरत होती. भागवत शेजारी बसून दोऱ्या कापत होता.

"बन्सीला जन्माची अद्दल घडवली. आईपासून तोडलं मला हरामखोरानं."

राजेश्रीचा हात थांबला.

"म्हंजे? त्यांची बदली तुमी करवली?"

"मग काय पूजा घालू त्याची?"

तिनं हातातली परात मांडीवर ठेवली.

"त्यांना कशाला मधी घेतलं हो? त्यांचा काय संबंध?" ती म्हणाली. "अकरा वर्षं हात जोडून सांगायले मी, परभणीत बिऱ्हाड करू म्हणून. एकदा तरी ऐकलं का?"

तिनं परात गोणीत सारली आणि दोरीसाठी हात पुढं केला.

"कार असती, तर मी अर्जासोबत पुरावा कुठून जोडला असता?"